ओहायोत ठासणीच्या बंदुकीला गोळी कुठली आणि सॅबो कुठला

तुझा प्रश्न वाचला. मार्चमध्ये कंपनीच्या एल-वन व्हिसावर कोलंबसला येतोयस, पुढच्या जानेवारीत मझललोडर, म्हणजे ठासणीच्या बंदुकीच्या सीझनला हरणावर जायचंय, पॉइंट ५० ची, म्हणजे अर्ध्या इंची नळीची इनलाइन (टोपी नळीच्या सरळ मागे बसते ती आधुनिक ठासणीची) घ्यायचं ठरलंय, आणि दुकानाच्या वेबसाइटवर गोळ्या-सॅबोचे पन्नास प्रकार बघून डोकं फिरलंय. शिवाय लिहिलंयस की कुडाळला आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. मग अर्धं तुला येतंच की. आधी दारू, वर गोळी, गजाने ठासायचं, टोपी सगळ्यात शेवटी, क्रम इकडेही तोच. फरक एवढाच की गोळीभोवती प्लास्टिकची वाटी असते, तिला पाकळ्या असतात, ती नळीतले आटे, म्हणजे आतल्या पिळाच्या खाचा, धरते, गोळीला फिरवते आणि बाहेर पडल्या पडल्या उघडून गळून जाते. हीच सॅबो. दुकानात सेबो म्हण, शेवटचा ट बोलत नाहीत.

पण गोळीच्या आधी व्हिसाचं बघ, हे मी प्रत्येकाला सांगतो. एल-वन, एच-वन-बी, स्टुडंट हे सगळे नॉन-इमिग्रंट, आणि फेडरल कायदा अशा माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगू देत नाही, आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे इथल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. आता काडतूस न घेणारी, काळ्या दारूची मझललोडर फेडरल व्याख्येत अँटिक धरतात हे खरं, पण ज्या मॉडेलची नळी बदलून साधी रायफल होते ती त्यात बसत नाही, आणि राज्याराज्यांचं वेगळंच असतं, न्यू जर्सीत मझललोडर घ्यायलाही आधी ओळखपत्र काढावं लागतं. म्हणून क्रम असा ठेव: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स आणि हरणाचं परमिट, बंदूक त्यानंतर. लायसन्सची तारीख संपू देऊ नकोस, आणि कंपनीचा इमिग्रेशन वकील असतोच, त्याला एकदा मेल टाक. ओहायोत सहा महिने राहिलास की रहिवाशाच्या दरात लायसन्स मिळतं, तू मार्चमध्ये येतोयस म्हणजे जानेवारीपर्यंत ते जमतंय.

आता मुख्य गोष्ट. सगळे गोळीच्या ब्रँडवर भांडतात, मी म्हणतो सॅबो तुझ्या नळीत कशी बसते ते आधी बघ. पॉइंट ५० म्हटलं तरी प्रत्येक नळी इंचाच्या काही हजारांश भागाने इकडेतिकडे असते, गोळीचा व्यास .४५१ किंवा .४५२, आणि वाटीची जाडी कंपनीगणिक वेगळी. हे तिन्ही जुळलं की गज एकसारख्या दाबाने खाली जातो, हाताला नीट विरोध जाणवतो पण अंगाचा भार टाकावा लागत नाही. बोटाने ढकलली आणि सरकली तर सैल आहे, चालताना नळी खाली झाली की गोळी दारूवरून पुढे सरकू शकते, आणि ती तशी सुटली तर नळीलाच धोका. हातोडी मारावी लागत असेल तर घट्ट आहे, तेव्हा बरगड्यांची हार्वेस्टर क्रश रिब घेऊन बघ, ती सोपी उतरते.

माझ्या हातून जे झालं ते सांगतो, कारण अजून टोचतं. दुसऱ्या वर्षी माझी .४५२ ची गोळी दुकानात मिळाली नाही, त्याच वजनाची .४५१ घेतली, सॅबो तीच, म्हटलं एक हजारांश इंचाने काय होतंय, आणि रेंजवर न जाता सरळ जंगलात गेलो. ६५ यार्डांवर मादी आडवी उभी, बार पोटात मागे लागला. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे फिरलो, दुसऱ्या दिवशी परत गेलो, सापडली नाही. नंतर रेंजवर तोच लोड मारला तर १०० यार्डांना सात इंच पसरला, जुना दोन इंचात बसायचा. त्या जनावराला जे भोगावं लागलं ते माझ्या आळसामुळे. तेव्हापासून गोळी, सॅबो, दारू यातलं एक जरी बदललं तरी पुन्हा कागदावर मारल्याशिवाय मी जात नाही, तूही जाऊ नकोस.

गोळी म्हणशील तर २५० ग्रेन, म्हणजे साधारण १६ ग्रॅम, इथल्या व्हाइटटेल हरणाला भरपूर झाली. ३०० ची गरज एल्कसारख्या मोठ्या हरणावर जाशील तेव्हा. हॉर्नेडीची एक्सटीपी स्वस्त आणि बहुतेक नळ्यांत सरळ जाते, पण ती मुळात पिस्तुलाची गोळी आहे, दारू मापात ठेवलीस तर छान फुलते, जवळून दीडशे ग्रेन दारूवर मारलीस तर फार लवकर फुटायची भीती. बार्न्सची टी-ईझी पूर्ण तांब्याची, वजन टिकवते, खांद्याच्या हाडातूनही जाते, आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत. घरात लहान पोरं ते मटण खातात म्हणून मी तीच वापरतो, महाग आहे पण वर्षाला लागतात किती, सराव धरून तीस-चाळीस.

दारू ९० ते १०० ग्रेन, मापाने हं, वजनाने नाही. ब्लॅकहॉर्न २०९ नावाची दारू मापाने १०० म्हणजे वजनाला सुमारे ७० भरते, तिथे गफलत करू नकोस. ती स्वच्छ जळते पण तिला तगडा २०९ प्रायमर, म्हणजे टोपी, हवा. ट्रिपल सेव्हन दारू घेतलीस तर गोळी बसते तिथे काजळीचं कडक कडं धरतं, मग प्रत्येक बार उडवल्यावर नळीतून कापडाचा एक ओला पॅच आणि एक कोरडा फिरव. दारूच्या पन्नास-पन्नास ग्रेनच्या तयार वड्या म्हणजे पेलेट सोप्या पडतात, पण तीन टाकायचा मोह नको, धक्का वाढतो आणि बऱ्याच सॅबो तेवढा दाब सोसत नाहीत. आणि आधुनिक रायफलची स्मोकलेस दारू साध्या मझललोडरमध्ये कधीच, म्हणजे कधीच नाही, नळी फुटते, हात आणि डोळे जातात.

रेंजवर दोन गोळ्या आणि दोन-तीन प्रकारच्या सॅबो घेऊन जा. आधी ५० यार्ड, मग १००, तीन-तीनचे ग्रुप, मध्ये नळी थंड होऊ दे कारण तापलेल्या नळीत प्लास्टिक मऊ पडतं. नंतर रेंज बंद असताना पुढे जाऊन गवतातल्या उडालेल्या सॅबो वेच, हे फार कमी लोक करतात. चारही पाकळ्या सारख्या उघडलेल्या आणि बूड शाबूत असेल तर लोड बरोबर. पाकळी तुटलेली किंवा बूड फाटलेलं दिसलं तर दारू दहा ग्रेनने उतरव किंवा सॅबो बदल. लोड पक्का झाला की भरलेल्या नळीत गज जिथवर जातो तिथे त्यावर खूण कर, रिकाम्या नळीची वेगळी, म्हणजे दारू दोनदा भरली का, गोळी टेकली का, लगेच कळतं. थंडीत प्लास्टिक कडक होतं, म्हणून एकदा डिसेंबरच्या गारठ्यातही भरून बघ.

आणि कंपनीने पुढे डेनव्हरला टाकलंच तर हे सगळं बाजूला ठेवावं लागेल, कोलोरॅडोच्या मझललोडर सीझनला सॅबोही चालत नाही, पेलेटही नाही, स्कोप म्हणजे दुर्बीणही नाही, तिथे नळीच्या मापाची शिशाची कॉनिकल, म्हणजे निमुळती गोळी, आणि सुटी दारू. म्हणून बंदूक घेताना साध्या साइट्स लावता येतील अशीच घे, आणि आटे १:२८ चे, म्हणजे २८ इंचांत एक फेरा, सॅबोला तेच मानवतात. जुन्या धाटणीची १:४८ वाली सेकंडहँड स्वस्त मिळते, ती सॅबोसाठी घेऊ नकोस.

दारू आणि टोप्या विमानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, तेव्हा तिकडून काही आणू नकोस. लायसन्स हातात आलं की कळव, माझ्याकडे तीन प्रकारच्या उरलेल्या सॅबो आहेत, दहा-दहा देतो, पाकीट फोडायच्या आधी तुझ्या नळीत कुठली बसते ते बघून घे.