‘मान्यतेचे पुढे बघू’ म्हणणाऱ्या संस्थेविषयी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) झाले आहे, महाटीईटीचा, म्हणजे राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर ९४ गुणांनी सुटला आहे, बी.एड.चे दुसरे वर्ष चालू आहे, आणि शेजारच्या तालुक्यातील एका अनुदानित शाळेचे सचिव ‘सोमवारपासून या, मान्यतेचे (म्हणजे नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीचे) पुढे बघू’ असे म्हणत आहेत. तेव्हा काय करावे, असे तू विचारतेस. माझे उत्तर एवढेच की जाऊ नकोस. मात्र कारणे सविस्तर लिहिते, कारण ती समजली नाहीत तर उद्या दुसऱ्या सचिवांच्या गोड बोलण्यावर तू विश्वास ठेवशील.

हे वाक्य मी स्वतः ऐकलेले आहे. ‘मान्यता येतेच आहे’ या भरवशावर मी चार वर्षे हजेरीपटावर सही केली आणि एक रुपयाही पगार घेतला नाही. माझी पदविका होती, वर्गही चांगला चालत होता. पण संस्थेने बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे हे दाखवणारी नोंदवही, तपासून न घेताच पद भरले होते, त्यामुळे प्रस्ताव तीनदा त्रुटी लागून परत आला. शेवटी मान्यता मिळाली ती आदेशाच्या तारखेपासून. आधीची चार वर्षे वेतनवाढीत धरली गेली नाहीत आणि निवृत्तिवेतनातही नाहीत. माझ्या शिकवण्यात कोणी खोट काढली नव्हती, खोट फायलीत होती, आणि ती फाईल मी तोवर कधी पाहिलीच नव्हती.

म्हणून आधी हे नीट समजून घे की तुझी पात्रता आणि तुझ्या नेमणुकीची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पात्रता तुझ्या नावाची असते. ती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३खाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने ठरवली. २३ ऑगस्ट २०१०च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य झाली, आपल्या राज्याने १३ फेब्रुवारी २०१३च्या शासन निर्णयाने ती लागू केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिली महाटीईटी झाली. १५० गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ९० हवेत, म्हणजे तू त्या रेषेच्या वर आहेस. हे प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षांनी संपत असे. २०२१मध्ये ते आजीवन झाले, त्यामुळे त्याची चिंता उरली नाही. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आणि दुसरा सहावी ते आठवीसाठी, हे तू जाणतेसच.

बी.एड. सोडून द्यावे का, या तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे, पण ते कशासाठी करते आहेस हे मनाशी स्पष्ट ठेव. २०१८मध्ये परिषदेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीचे दार उघडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ते बंद केले, कारण लहान मुलांना अक्षर-अंक शिकवणे ही वेगळी विद्या असून तिचे प्रशिक्षण डी.एल.एड.मध्ये मिळते. तेव्हा खालच्या वर्गांसाठी तुझी पदविकाच खरी चावी आहे. बी.एड.चा उपयोग पुढे होईल, दुसरा पेपर दिलास तर सहावी ते आठवीसाठी आणि नववी-दहावीसाठी. मुख्याध्यापकपदाचा विचार कधी मनात आला, तर खाजगी माध्यमिक शाळांच्या १९८१च्या नियमावलीनुसार पदवीनंतरचा पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो आणि त्यातील किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची असावी लागतात, म्हणून बी.एड.ची पदवी जितकी लवकर हातात पडेल तितके बरे.

आता मान्यतेकडे येते. ती तुझ्या नावाबरोबर त्या पदालाही चिकटलेली असते. शाळेचा पट पाहून संचमान्यता, म्हणजे मंजूर पदांचा आदेश, निघते, तिच्यात ते पद मंजूर असावे लागते, त्या पदावर दुसऱ्या शाळेत जादा ठरलेला शिक्षक समायोजनाने येणार नाही याची खात्री व्हावी लागते, बिंदुनामावली मागासवर्गीय कक्षाकडून तपासलेली लागते, आणि २०१७पासून अनुदानित शाळेतील भरती शासनाच्या ऑनलाइन पवित्र पोर्टलमार्गे होते. त्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. २०० गुणांच्या या चाचणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते. गुणांवर फक्त क्रम लागतो. तुझ्या पत्रात या चाचणीचा उल्लेखच नाही. सचिवांनी ती विचारली नाही, यावरूनच मला त्यांच्या नेमणुकीचा रस्ता कळला. निवडीनंतर शिक्षणाधिकाऱ्यांकडून वैयक्तिक मान्यता, मग शालार्थ क्रमांक (शासनाच्या वेतनप्रणालीतील ओळखक्रमांक), आणि तेव्हा कुठे शिक्षणसेवकाचे, म्हणजे सुरुवातीच्या काळातील शिक्षकाचे, १६,००० रुपये मानधन खात्यावर येते. बनावट शालार्थ क्रमांकांचे नागपूरचे प्रकरण २०२५मध्ये बाहेर आल्यापासून जुन्या फायलीसुद्धा पुन्हा उघडल्या जात आहेत; अशा वेळी मागच्या दाराने आत जाणे म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर घेण्यासारखे आहे.

सचिवांना तोंडावर नकार देणे जड जात असेल तर तीन कागद नम्रपणे माग: चालू वर्षाची संचमान्यता, तपासलेली बिंदुनामावली आणि पोर्टलवरील जाहिरात. ते असतील तर मला फोन कर, माझे मत मी आनंदाने बदलेन.

स्वतःच्या कागदांकडेही तितक्याच कठोरपणे पाहा. माझ्या परत आलेल्या प्रस्तावावर, पदविकेच्या गुणपत्रिकेतील नावाखाली, कोण्या लिपिकाने पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढले होते: दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’ आणि तेथे ‘दत्तात्रेय’. एका मात्रेपायी दीड महिना गेला. तुझे लग्न ठरते आहे असे आईच्या बोलण्यातून कळले. नाव बदलणार असशील तर राजपत्रात प्रसिद्ध करून घे, नसशील तर सर्वत्र माहेरचेच चालू दे, पण दोन्ही मिसळू नकोस. टीईटीच्या प्रमाणपत्राची पडताळणी आता होतेच होते, कारण २०१९-२०च्या परीक्षेतील गैरप्रकार उघड झाल्यावर सात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक, म्हणजे निकाल, रद्द करावी लागली होती. प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांना त्यामुळे एक फेरी जास्त मारावी लागते, त्यावर रागावून उपयोग नाही.

धाकट्या भावाला शाळेत शिपाई म्हणून चिकटवता येईल का, असे तू शेवटी विचारले आहेस. खाजगी अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणीच्या नियमित नेमणुकांऐवजी शाळेला शिपाई भत्ता देण्याचा शासन निर्णय ११ डिसेंबर २०२०चा आहे. म्हणजे भत्त्यावर काम मिळेल, पण ती नोकरी नव्हे. त्याने मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दगतीची टंकलेखन प्रमाणपत्रे काढून कनिष्ठ लिपिकाच्या जागेची वाट पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. शाळेत कोणत्याही कामावर गेला तरी पोलीस पडताळणी होईल, ते त्याला आधीच सांगून ठेव. बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४पासून, तिच्यात सूट नाही, आणि नसावीच.

तू लिहिलेस की ‘एकदा आत शिरले की नियम मागे पडतात’. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विचार. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे; ज्यांचा काळ त्याहून कमी उरला आहे ते नोकरीत राहतील, पण टीईटीशिवाय त्यांना पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारी आमची बावन्न वर्षांची एक शिक्षिका, जिच्या हाताखालून दोन पिढ्या लिहायला शिकल्या, ती परवा माझ्याकडे बालमानसशास्त्राचे पुस्तक मागायला आली होती. हा न्याय मला पुरता पटत नाही. पण तिला मी पुस्तक दिले, आणि पहिले प्रकरण तिच्याबरोबर बसून वाचले.

येत्या रविवारी सकाळी ये. सर्व गुणपत्रिका, टीईटीचे प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या मूळ प्रती आण, झेरॉक्स नको; नावांच्या मात्रा आपण एकेक करून ताडून पाहू, आणि मग अभियोग्यता चाचणीच्या अभ्यासाचे वेळापत्रक आखू.

तुझी,
बाई