नवी टाकी गळते, डुलते, फुगते : वाचकांचे प्रश्न

माशांची टाकी घरी आली की पहिल्या काही दिवसांतच तिच्या बांधणीतले दोष उघडे पडतात. त्याबद्दलचे सहा प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे सिलिकॉनने जोडलेल्या काचेच्या टाक्यांची आहेत. ॲक्रिलिकची टाकी वेगळ्या पद्धतीने जोडतात, तिला यातले उपाय करू नका.

प्रश्न : ६० सेंमी लांबीची टाकी काल भरली. आज सकाळी मागच्या बाजूला, स्टँडच्या फळीवर ओल दिसली. टाकी परत करावी का?

आधी पाणी कुठून येते ते नक्की करा. सांध्यातून झिरपलेले आणि वरून ओघळलेले पाणी खाली येऊन एकाच जागी साचते, त्यामुळे ओल दिसते तिथेच गळती आहे असे धरून चालता येत नाही.

सांध्यांकडे वळण्यापूर्वी फिल्टरच्या नळीचे जोड हाताने चाचपा. झाकणाखाली धरलेली वाफ थेंब होऊन कडेने बाहेर येते का, हीटरच्या वायरवरून पाणी उतरते का, तेही बघा. स्पंजचा किंवा फिल्टरच्या कापसाचा तुकडा काठावरून बाहेर लोंबत असेल, तर तो दिव्याच्या वातीसारखे पाणी ओढून रात्रभर ठिबकवत राहतो. एअरपंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवला असेल, तर वीज गेल्यावर त्याच्याच नळीतून पाणी उलटे उतरते. पंप वर घ्या किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) बसवा. टाकीत गार पाणी भरले असेल तर काचेवर बाहेरून दव धरते, पण दव सगळीकडे सारखे पसरलेले असते. गळतीची ओल एका बिंदूपासून सुरू होते.

एवढे पाहूनही शंका राहिली तर सगळी विजेची उपकरणे बंद करा आणि टाकी बाहेरून कोरडी पुसा. टिश्यू पेपरचे साधारण ५ सेंमीचे तुकडे कापून चारही उभ्या सांध्यांवर आणि तळाच्या कडेला टेपने लावा. दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडा. सलग पट्टी लावली तर कागद पाणी वर शोषतो आणि गळतीची जागा चुकते. दोन तासांनी पाहा. पाणी खालीच जाणार, म्हणून भिजलेल्या तुकड्यांतला सर्वांत वरचा तुकडा म्हणजे गळतीचा पत्ता.

ओल कुठेच नाही, पण पातळी मात्र उतरते, अशी शंका असेल तर टाकीशेजारी सरळ भिंतींचे एक भांडे पाणी भरून ठेवा. दोन्हीकडे टेपची खूण करा, टाकीचे झाकण काढा, हीटर आणि एअरपंप बंद ठेवा. २४ तासांत दोन्ही पातळ्या साधारण सारख्याच मिलिमीटरने उतरल्या तर ते बाष्पीभवन आहे.

सांधाच गळतो असे ठरले तर नवी टाकी दुरुस्त करत बसू नका, बदलून घ्या.

प्रश्न : काचेच्या जोडात बारीक बुडबुडे दिसतात आणि टाकीला व्हिनेगरसारखा वास येतो. धोका आहे का?

वास सिलिकॉन सुकताना सुटणाऱ्या ॲसेटिक ॲसिडचा असतो. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत असे सुकत जाते, दिवसाला साधारण २ ते ३ मिमी. वास येत असेल तोवर टाकी भरू नका, उघडी ठेवा.

बुडबुड्यांचे म्हणाल तर एकेक सुटा, टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा सोडून द्या. ६ मिमी काचेच्या जोडाची रुंदीही ६ मिमी असते, त्यात १ मिमीच्या बुडबुड्याने फारसे बिघडत नाही. आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे लांबट पसरलेला बुडबुडा किंवा एकमेकांना चिकटलेल्या बुडबुड्यांची रांग मात्र घातक असते. सर्वांत वाईट खूण म्हणजे जोडात दिसणारा चंदेरी, आरशासारखा चमकणारा डाग. तिथे सिलिकॉनने काच धरलेलीच नाही. असा डाग जोडाच्या निम्म्या रुंदीपर्यंत गेला असेल तर टाकी घेऊ नका.

प्रश्न : ९० सेंमीची टाकी लोखंडी अँगलच्या स्टँडवर ठेवली. एक कोपरा थोडा अधांतरी राहतो, दाबले की टाकी डुलते. त्या कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवावी का?

नाही. टाकीच्या खाली कधीही काही सरकवू नका. टाकी भरली असेल तर आत्ताच रिकामी करायला घ्या.

९० × ४० × ४५ सेंमीच्या टाकीत १६२ लिटर, म्हणजे १६२ किलो पाणी मावते. ८ मिमी काचेचे वजन दर चौरस मीटरला २० किलो, त्यामुळे रिकामी टाकीच तीस किलोच्या आसपास जाते. रेती आणि दगड धरले तर स्टँडवर दोनशे किलोंच्या पुढे भार येतो. हा भार तीन कोपऱ्यांवर बसला आणि चौथा हवेत राहिला, की तळाच्या काचेला पीळ बसतो. काच पीळ सहन करत नाही. तो ताण सांध्यांवर जातो, सिलिकॉन थोडे ताणले जाते आणि काही दिवसांनी एकतर सांधा सुटतो किंवा कोपऱ्यातून तडा निघतो. पुठ्ठा घातला तर सगळा भार त्या एका घडीवर येतो आणि पुठ्ठा भिजला की पीळ परत येतो.

उतार आणि पीळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि लोक नेमके उलट घाबरतात. अख्खी टाकी सपाट पृष्ठावर आहे, पण डावीकडून उजवीकडे ३ मिमी कललेली आहे, तर एका टोकाला पाणी ३ मिमी जास्त खोल होते. ४५ सेंमी खोलीत हा फरक एका टक्क्याहूनही कमी आहे. पाण्याची रेघ तिरकी दिसते म्हणून नजरेला खटकते, काचेला त्याचे काही नाही. एका कोपऱ्याखालची २ मिमीची फट मात्र टाकी फोडू शकते.

दोष शोधताना टाकी उतरवून बाजूला ठेवा. आधी नुसता स्टँड डुलतो का ते पाहा. डुलत असेल तर दोष बहुधा जमिनीत आहे. पायाखाली लोखंडी पट्टीची किंवा टणक प्लास्टिकची पाचर द्या, लाकडाची नको, ती ओलाव्याने फुगते. मग स्टँडच्या चौकटीवर दोन्ही कर्णांवर दोरा घट्ट ताणा. दोन्ही दोरे मधोमध एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा ताणा, तरीही तसेच टेकले तर पृष्ठ सपाट आहे. कोणत्याही वेळी मध्ये फट दिसली तर चौकटीलाच पीळ आहे. ही तपासणी पाणसळीपेक्षा खात्रीची, कारण पाणसळ एका वेळी एकच कड दाखवते.

लोखंडी स्टँडमध्ये नेहमी सापडणारे कारण अगदी क्षुल्लक असते : कोपऱ्यातल्या वेल्डिंगचा उंचवटा. अँगलच्या आतून बोट फिरवले की तांदळाच्या दाण्याएवढा गोळा लागतो, आणि टाकीचा कोपरा त्यावरच टेकलेला असतो. तो कानशीने घासून सपाट करा. त्यावर १८ मिमी प्लाय आणि प्लायवर १० मिमी फोम किंवा थर्मोकोल. थर्मोकोल एखाद-दोन मिलिमीटरचा खडबडीतपणा गिळतो, त्याहून मोठी चूक झाकत नाही.

प्लास्टिकच्या चौकटीच्या टाकीखाली मात्र फोम किंवा थर्मोकोल घालू नका. तिचा तळ चौकटीच्या आत अधांतरी असतो आणि भार फक्त कडांवर पेलायचा असतो. फोम खालून तळाच्या काचेवर दाब देतो आणि तीच फुटते.

टाकी परत ठेवल्यावर पाव भरा, कोपऱ्यांखाली साधा कागद सरकवून पाहा, मग निम्मी भरा आणि रात्रभर थांबून पुन्हा पाहा. स्टँड आणि जमीन भार आल्यावरच बसतात.

प्रश्न : वरच्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे. टाकी वापरता येईल?

टवका वरच्या मोकळ्या कडेवर असेल आणि त्यातून एकही रेष पुढे गेली नसेल, तर चालेल. त्यावर नख फिरवा, टॉर्च तिरका धरून पाहा. केसाएवढी रेषही दिसली तर तो तडा आहे, आणि तडा पाण्याच्या दाबाने पुढे सरकतोच. त्यावर सिलिकॉन किंवा काच चिकटवायचा गोंद लावून उपयोग नाही, ती काच बदलावी लागते. टवका सांध्याच्या रुंदीत शिरला असेल किंवा तळाजवळ असेल, तर टाकी परत करा.

प्रश्न : टाकी खालच्या पुढच्या कोपऱ्यातून ठिबकते. बाहेरून सिलिकॉन लावले, दोन दिवस थांबले, मग पुन्हा ठिबकायला लागले. आता काय? मासे आत आहेत.

बाहेरून लावलेले सिलिकॉन पाण्याच्या दाबाविरुद्ध टिकत नाही. पाणी त्याला आतून ढकलत असते. शिवाय नवे सिलिकॉन सुकलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही, म्हणून फक्त कोपऱ्यात आतून ठिगळ लावलेत तरी पाणी ठिगळाच्या कडेने वाट काढते. आतली किनार, म्हणजे दोन काचा मिळतात त्या कोपऱ्यात आतून भरलेली सिलिकॉनची कड, संपूर्ण काढून पुन्हा भरणे एवढाच मार्ग आहे.

मासे झाकण असलेल्या, कधी साबण न लागलेल्या बादलीत टाकीच्याच पाण्यात ठेवा आणि स्पंज फिल्टर चालू ठेवा. जुन्या फिल्टरचे स्पंज त्याच पाण्यात बुडवून ठेवा, वाळले की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

टाकी पूर्ण रिकामी करून २४ तास वाळू द्या. ब्लेड काचेला जवळजवळ टेकवून आतली किनार खरवडा, पण पाते दोन काचांच्या मधल्या जोडात शिरू देऊ नका. टाकीची खरी ताकद त्या जोडात आहे. आतली किनार फक्त त्याचे रक्षण करते. खरवडून झाल्यावर काच दाबली असता हलली किंवा जोडात फट दिसली, तर किनार भरून भागणार नाही, ती टाकी सुटी करूनच पुन्हा जोडावी लागेल.

काच घट्ट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. सांध्यापासून ६ ते ८ मिमी सोडून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. सिलिकॉन १०० टक्के शुद्ध आणि माशांच्या टाकीसाठीचे घ्या. बाथरूमसाठीच्या बुरशीरोधक सिलिकॉनमधले रसायन माशांना विषारी असते. ६० × ३० × ३६ सेंमीच्या टाकीत सव्वातीन मीटर सांधा भरतो, त्याला ३०० मिलीची एक नळी पुरून उरते. सगळे सांधे एकाच बैठकीत भरा आणि प्रत्येक सांध्यावर हातमोजा घातलेले बोट एकदाच, न थांबता फिरवा. पाच मिनिटांच्या आत टेप ओढून काढा. साय धरल्यावर टेप काढली तर किनारही सोबत उचलली जाते. त्यानंतर सात दिवस हात लावू नका. मग पाव, निम्मी, पाऊण आणि पूर्ण अशी टप्प्याटप्प्याने भरा, पूर्ण भरल्यावर ४८ तास पाहा आणि मगच मासे सोडा.

प्रश्न : १२० सेंमी लांब, ५० सेंमी उंच टाकी आहे. ८ मिमी काच, वर पट्टी नाही. भरली की पुढची काच मध्यावर पुढे येते. हे चालते का?

थोडा बाक प्रत्येक मोठ्या टाकीला येतो. तुमच्या पुढच्या काचेवर काठोकाठ भरल्यावर सुमारे १५० किलोंचा दाब असतो, तो तळाजवळ जास्त आणि वर कमी. तरीही बाक वरच दिसतो, कारण तिथे काचेला आधार नाही. वरच्या कडेवर सरळ पट्टी धरून मधल्या भागातले अंतर मोजा आणि तीन-चार दिवस लिहून ठेवा. आकडा थांबला नाही तर पाणी लगेच निम्म्यावर आणा.

या मापाच्या टाकीला पट्टीशिवाय ८ मिमी काच आम्ही सुचवणार नाही. बाक जाडीच्या घनाने घटतो, त्यामुळे १० मिमीची काच ८ मिमीच्या जवळजवळ निम्मीच वाकते. आहे त्या टाकीला पुढे-मागे ६ ते ८ सेंमी रुंद काचेच्या पट्ट्या आणि मधोमध पुढची-मागची काच जोडणारी एक आडवी पट्टी बसवा. पट्ट्या त्याच जाडीच्या, घासलेल्या कडांच्या हव्यात. काम टाकी रिकामी करूनच करा. भरलेल्या टाकीवर चिकटवलेली पट्टी आलेला बाक तसाच धरून ठेवते आणि ओलसर काचेला सिलिकॉन धरतही नाही. पुढे टाकी उचलताना या पट्ट्यांना धरू नका, हात नेहमी तळाखाली घाला.