रायफलीचा बोल्ट बंद होत नाही, पण 50 पैकी 17 वरच का?

प्रश्न : नमस्कार. मी कोलोरॅडोत राहतो आणि गेल्या वर्षापासून .308 विंचेस्टरच्या बोल्ट ॲक्शन रायफलसाठी घरीच काडतुसं भरतो. यावेळी निम्म्या पुंगळ्या (काडतुसाची रिकामी पितळी कवचं) माझ्या रायफलीतल्या होत्या, निम्म्या रेंजवर उचललेल्या. सगळ्या फुल लेंथ डायमधून काढल्या (उडून फुगलेली पुंगळी दाबून परत मापात आणणारा साचा, म्हणजेच साइझिंग), साफ केल्या, नवीन प्रायमर (बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी) बसवले, एकूण लांबी 2.800 इंच ठेवली आणि शेवटी क्रिंप केलं, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळलं. 50 पैकी 17 नीट चेंबरमध्ये (बॅरलच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत) जात नाहीत, काहींवर बोल्टचं हँडल अर्ध्यावर अडतं आणि काहींवर जरा जोर दिला की बसतं. हरणाचा सीझन तोंडावर आलाय. जोर देऊन बसणारी वापरली तर चालतील का?
— एक वाचक, डेन्व्हरजवळ

उत्तर : नाही, वापरू नका. हे सगळ्यात आधी सांगतो कारण सीझन तोंडावर आला की माणूस नेमकं हेच करतो. जी बसतायत ती तुमच्या हाताच्या जोराने बसतायत आणि तो जोर आत कशावर पडतोय ते बाहेरून कळत नाही. समजा पुंगळीच लांब आहे, तर तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या कडेवर जाऊन दाबलं जातं आणि गोळीला आवळून धरतं, आणि फायर झाल्यावर तोंड उघडून गोळी सुटायला जागाच उरत नाही, प्रेशर भलतंच वाढतं. तुम्हाला वाटत असतं की काडतूस जरा टाइट आहे, बस.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट, तो 17 चा आकडा. गोळी जास्त बाहेर राहून रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना) टेकत असती तर एकच गोळी, एकच सेटिंग, म्हणजे जवळपास सगळीच अडली असती. चेंबरमध्ये घाण किंवा जुना कार्बन असता तरी तेच. इथे 33 आरामात जातात, म्हणजे गडबड अशा कशात तरी आहे जी दर पुंगळीला वेगळी असते, आणि अशा दोनच गोष्टी मला दिसतात : पुंगळी आधी कुठल्या रायफलीतून उडालीय, आणि तिची लांबी किती आहे. तुम्ही सगळं सविस्तर लिहिलंय पण ट्रिमिंगचा, म्हणजे वाढलेली लांबी कापण्याचा, एक शब्द नाही, म्हणून माझा पहिला संशय लांबीवर आणि क्रिंपवर.

होतं काय, क्रिंप करणारी डाय एका ठरावीक उंचीला लावलेली असते. 2.005 इंचाच्या पुंगळीचं तोंड ती हलकेच आत वळवते. पण .308 च्या पुंगळीची कमाल लांबी 2.015 आहे, आणि कुणाच्या तरी रायफलीत चारपाच वेळा उडालेली, कधीच न कापलेली पुंगळी त्याच्याही पुढे गेलेली असू शकते. ती आली की तोंड आधीच डायला टेकतं, प्रेस तर अजून खाली चाललेलाच असतो, पितळ जाणार कुठे, मग ते खांद्यापाशी, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तिथे, फुगतं. फुगवटा एकदोन थाऊचा असला तरी बोल्ट अडायला पुरतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमधून गेलेल्यांना हे सांगायला नको. डोळ्याला तो दिसत नाही पण खांद्याच्या जरा खालून अंगठ्याचं नख वर ओढत आणलं की तिथे कड लागल्यासारखी वाटते, एकदा लागली की मग प्रत्येक पुंगळीवर लगेच कळते.

खात्री करायला त्या 17 पैकी दोनतीन घ्या, काळ्या मार्करने मानेपासून बुडापर्यंत रंगवा, शाई सुकू द्या आणि .308 च्या चेंबर गेजमध्ये (चेंबरच्या मापाची धातूची नळी) बोटाने दाबून बाहेर काढा. भरलेली काडतुसं घरात रायफलीत घालून बघायची नाहीत, कितीही घाई असली तरी नाही, गेज त्यासाठीच असतं. शाई कुठे घासली ते बघा. खांद्याच्या लगेच खाली गोल कड्यासारखी चमकदार रेघ आली तर क्रिंपचा फुगवटा. खांद्याच्या उतारावरची शाई गेली तर साइझिंग करताना खांदा पुरेसा मागे गेलेलाच नाही. आणि बुडाजवळ, खाचेच्या वर घासलं असेल तर ती पुंगळी कुठल्या तरी सैल चेंबरमधून आलीय, तुमच्या साध्या डायला ती तिथे आवळता आली नाही. मिलिटरीच्या, मशीनगनमधून उडालेल्या पितळात हे फार दिसतं, त्याला बुडाजवळ जास्त आवळणारी स्मॉल बेस डाय लागते, किंवा सरळ भंगारात टाका. रेंजवर फुकट उचललेल्या पितळाचा मोह मलाही सुटत नव्हता, आता मी फक्त माझ्याच रायफलीतलं वापरतो आणि तुम्हालाही तेच सांगीन.

खांद्याचा प्रॉब्लेम निघाला तर डाय तपासा. डाय शेल होल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बुड धरणारा तुकडा) टेकवून लावली म्हणजे झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पुंगळी आत असताना प्रेस थोडा ताणला जातो. म्हणून वंगण लावलेली पुंगळी घालून हँडल पूर्ण खाली आणा आणि डाय आणि शेल होल्डरच्या मध्ये बाजूने बघा, उजेडाची बारीक फट दिसली तर खांदा तेवढाच पुढे राहतोय. डाय आठवा हिस्सा आटा खाली घ्या, परत बघा. पण खाली घेतच जाऊ नका. तुमच्याच रायफलीत उडालेल्या पुंगळीपेक्षा खांदा 2 थाऊ मागे एवढं बोल्ट ॲक्शनला पुष्कळ, कम्पॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायची जोडणी) लावून कॅलिपरने मोजा. जास्त मागे ढकलला तर पुंगळी दर फायरला ताणली जाते आणि एक दिवस बुडापासून तुटते.

आता त्या 17 चं काय करायचं. भरलेलं काडतूस साइझिंग डायमध्ये घालून फुगवटा दाबायचा प्रयत्न कोणी सुचवला तर ऐकू नका, आत पावडर आहे, जिवंत प्रायमर आहे. बुलेट पुलरने गोळ्या काढा, चष्मा लावून, सावकाश. काढलेली पावडर कुठली याची शंभर टक्के खात्री नसेल तर परत डब्यात ओतू नका. पुंगळ्या नव्याने साइझ करा, मग 2.005 ला ट्रिम करा, आतबाहेरची कड घासून घ्या. ट्रिम नेहमी साइझिंगनंतर, कारण साइझिंगमध्ये पितळ पुढे सरकतं आणि लांबी वाढते.

पुढच्या वेळी एक गोष्ट करा, यात सगळा त्रास वाचतो. प्रायमर आणि पावडर नसलेली, नुसती साइझ आणि ट्रिम केलेली पुंगळी तुमच्या रायफलीत घालून बोल्ट बंद करा. अडला तर साइझिंग किंवा लांबी, दुसरं काही नाही. आरामात बंद झाला तर त्याच पुंगळीत गोळी बसवा आणि परत बघा. आता अडला तर गोळी फार बाहेर आहे किंवा क्रिंप जास्त आहे. गोळीवर चार-पाच समान अंतरावरचे ओरखडे दिसले तर ती रायफलिंगला टेकतेय. 2.810 ही .308 ची कमाल लांबी टोकापर्यंत मोजलेली असते, पण रायफलिंगला टोक नाही, गोळीचा पोटाचा भाग टेकतो आणि तो प्रत्येक मेकच्या गोळीचा वेगळा, म्हणून आकडा बरोबर असूनही अडू शकतं. आणि बोल्ट ॲक्शनच्या .308 ला मुळात क्रिंपची गरज क्वचितच असते, मान गोळीला पुरेशी घट्ट धरते. मी तरी ते सोडूनच दिलंय.

जोर देण्याबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका थंडीत रेंजवर असंच एक टाइट काडतूस मी तळहाताने हँडल दाबून बसवलं, मग मन खाल्लं म्हणून न फायर करता बाहेर ओढलं, तर पुंगळी आली, गोळी आतच राहिली आणि पावडर सगळी ॲक्शनमध्ये आणि ट्रिगरमध्ये सांडली. राखाडी दाणे हिवाळी ग्लव्हजला चिकटून बसले होते. बॅरलमध्ये गोळी अडकलेली असताना मागून दुसरं काडतूस घातलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करतो. बोल्ट काढून पुढून क्लीनिंग रॉडने ती हलकेच मागे ढकलली, घरी ट्रिगर धुतला, आणि त्या दिवसाचा नेम तिथेच संपला.

प्रश्न : पुंगळी डायमध्येच अडकून बसली, बुड तुटेल इतकी. वंगण लावलं होतं. काय चुकलं?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : बहुतेक कमी लावलं, किंवा स्प्रे मारल्या मारल्या लगेच साइझ केलं. स्प्रेला सुकायला वेळ द्या. मेण असेल तर बोटाने बुडापासून खांद्याच्या खालपर्यंत लावा, खांद्यावर नको, तिथे वंगण साचलं की पितळाला खळगा पडतो. मानेच्या आत जरासं लावा, नाहीतर डायच्या आतला, मान रुंद करणारा बॉल बाहेर येताना खांदाही पुढे ओढत आणतो आणि मग वरच्या वाचकासारखा बोल्ट अडतो. अडकलेली काढायला हातोडी नको, स्टक केस रिमूव्हरचं किट मिळतं.

प्रश्न : मी पुण्यात असते, .315 बोर रायफलचं लायसन्स आहे. भाऊ अमेरिकेत काडतुसं भरतो, मला इथे भरता येतील का? आणि विकत घेतलेलं काडतूस टाइट बसलं तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, नाही. शस्त्र कायदा 1959 खाली दारूगोळा तयार करायला वेगळं लायसन्स लागतं, रायफल बाळगायच्या लायसन्समध्ये ते येत नाही. भावाला अमेरिकेत स्वतःपुरतं भरता येतं, विकायचं म्हटलं तर त्यालाही लायसन्स लागतं. फॅक्टरीचं काडतूस अडलं तर आधी रायफल रिकामी करून चेंबर साफ करा, दुसऱ्या बॉक्समधलं घालून बघा, तेही अडलं तर रायफल लायसन्सवाल्या गनस्मिथला दाखवा. एकाच बॉक्समधली अडत असतील तर बॉक्स आणि बिल घेऊन डीलरकडे जा. पुंगळीवर कानस चालवू नका.