‘रायट’ म्हणजे दंगल नव्हे, रयत!

परभणीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. इंग्रजी शब्दकोड्यात ‘भारतातला शेतकरी’, चार घरं, असा आडवा शब्द होता. आर, ओ, टी जुळले. राहिलेल्या घरात आय घालून ‘रायट’ केलं, तर त्याच घरातून खाली जाणारा ‘याक’ मोडला. आणि दंगलीचा शेतकऱ्याशी संबंध काय?

याक राहू द्या, आय खोडा, वाय घाला. आर-वाय-ओ-टी. उच्चार दंगलीसारखाच, पण शब्द आपली रयत!

मूळ शब्द अरबी. राखायचा कळप, आणि त्यावरून राजानं सांभाळायची प्रजा. तो फारसीतून आपल्याकडं आला आणि कंपनी सरकारच्या महसुली दप्तरातून इंग्रजीत गेला. जाताना त्याचं वचन बदललं. मराठीत रयत म्हणजे सगळी मिळून. ‘एक रयत औत हाकतेय’ असं कुणी म्हणणार नाही, एकट्याला कुणबी म्हणू, कूळ म्हणू. इंग्रजीत मात्र एकेक माणूस ‘रायट’, जास्त असले की पुढं एस. रयत चटकन आठवली नाही ती त्यामुळंच, असं मला वाटतं.

कोडं रचणाऱ्याला कोपऱ्यात असे आखूड शब्द लागतात, मग ते कुणी बोलो न बोलो. संकेतात ‘भारतातला’ दिसलं की आजचा भारत विसरायचा, साहेबाच्या काळातला धरायचा आणि स्पेलिंग मोठ्यानं वाचायचं. कान ओळखतो. १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश अशा शब्दांनी खच्चून भरलाय. इंग्रजीतलं ‘मॉन्गूस’ तर आपलं मुंगूसच. शेपटाला ‘गूस’ आहे म्हणून अनेकवचन ‘मॉन्गीस’ करू नका. बदकाच्या त्या भाऊबंदाशी त्याचं काही नातं नाही.

आणखी एक हमखास येणारा: ‘रुपयाचा सोळावा भाग’, चार घरं. ए-एन-एन-ए, आणा. दोन्हीकडून सारखाच वाचता येतो, म्हणून रचणाऱ्यांचा लाडका. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणा गेला, पण मराठवाड्यात पाऊस दडी मारून बसला की तो हटकून परत येतो. पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजाला कागदावर ‘पैसेवारी’ लिहिलेलं असतं आणि पारावर विचारतात, “औंदा आणेवारी किती लावली?”