गोळा ४५ अंशांत का फेकत नाहीत?

प्रश्न : ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत दूर जाते, असे आम्ही शिकलो, मग गोळाफेकीतले नामवंत खेळाडू त्याहून कमी कोन का ठेवतात?

उत्तर : हा नियम फेक आणि पतन एकाच पातळीवर असतानाचा आहे. गोळा मात्र जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवरून सुटतो. त्यामुळे खाली येताना जादा वेळ मिळतो आणि आडवा वेग जास्त असेल, तरच त्याचा फायदा पदरात पडतो. वेग सेकंदाला १४ मीटर धरल्यास गणिताने सुमारे ४२ अंश येतात. (हवेच्या रोधाला येथे उगाच दोष देऊ नये; त्याचा वाटा नगण्य आहे.) प्रत्यक्षातला कोन बहुधा ३५ ते ३८ अंशांच्या आसपास असतो, कारण पुरुषांचा ७.२६ किलोचा गोळा जितका वर ढकलावा तितका सुटतानाचा वेग घटतो, आणि पल्ला तर साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो.