स्टर्मी-आर्चरच्या जुन्या तीन गिअरच्या हबला तेल कोणतं आणि किती?

तुमचा प्रश्न असा: स्टर्मी-आर्चर कंपनीच्या एडब्ल्यू हबची (हब म्हणजे मागच्या चाकाचा मधला भाग, गिअर त्याच्या आत असतात) जुनी सायकल अनेक वर्षं पडून होती, आता गिअर नीट लागत नाहीत, मधूनच पेडल मोकळं फिरतं. हब उघडून ग्रीस भरावं का?

उघडू नका, आणि ग्रीस तर आत भरूच नका. 1936 पासूनचा हा हब पातळ तेलावर चालण्यासाठीच बनवलेला आहे. आत बारीक स्प्रिंगवर उचलल्या जाणाऱ्या छोट्या खिट्या असतात, त्यांना पॉल म्हणतात. फ्रीव्हीलमधली टिकटिक त्यांचीच. स्प्रिंग केसासारख्या तारेची असते. जाड ग्रीस किंवा वाळून चिकट झालेलं तेल लागलं की तिला पॉल उचलता येत नाही. ग्रीसची जागा फक्त दोन्ही टोकांच्या छर्‍यांत.

कोणते पॉल अडकलेत ते पेडल मारूनच कळतं. पहिल्या गिअरमध्ये पेडल मोकळं फिरत असेल, तर डावीकडचे अडकलेत. दुसऱ्यात पहिल्यासारखं हलकं आणि तिसऱ्यात दुसऱ्यासारखं लागत असेल, तर उजवीकडचे.

आधी चिकटा सोडवा. हबच्या मधोमध छोटं झाकण असतं. त्यातून दोन-तीन चमचे रॉकेल घाला, चाक भरपूर फिरवा, रात्रभर ठेवा. मग चाक काढून चेनची बाजू खाली करून ट्रेवर आडवं ठेवा. काळा गाळ गळून येईल. गळणारं द्रव स्वच्छ दिसेपर्यंत हेच करा. आगीपासून लांब, आणि टायरवर, रिमवर चिंधी गुंडाळून. मग एक छोटा चमचा, म्हणजे साधारण 5 मिली, एसएई 20 किंवा 30 चं साधं इंजिन ऑइल घाला. पुढे नियमित वापरात दर पंधरवड्याला पाच-सहा थेंब पुरतात. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, लवकर गळून जातं. डब्ल्यूडी-40 गंज सैल करायला ठीक, पण वंगण म्हणून त्यावर विसंबू नका. टोकांतून थोडं तेल झिरपणारच, या हबला सील नाहीत.

झाकण नसलेला नंतरचा हब असेल, तर उजव्या टोकाची गिअरची साखळी (केबलला जोडलेली छोटी साखळी, पेडलची चेन नव्हे) उलटी फिरवून काढा, सायकल डावीकडे कलती करा आणि पोकळ अ‍ॅक्सलमध्ये थेंब टाका. साखळी परत बसवताना शेवटपर्यंत आवळा, मग केबलच्या रेषेत येईल इतकीच सैल करा, अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

तेलाइतकंच केबलकडे बघा, कारण पेडल अचानक मोकळं फिरण्याचं खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये या हबमध्ये मोकळी जागा आहे, तिथे कुठलाच गिअर लागत नाही. केबल ढिली झाली की दुसऱ्याचा गिअर तिथे घसरतो. उभं राहून पेडल मारत असाल तर जोरात आपटाल. म्हणून लीव्हर दुसऱ्यावर ठेवा आणि उजव्या नटच्या भोकातून बघा: गिअरची साखळी जिथे अ‍ॅक्सलच्या पोकळीतल्या सळईला जोडते तो खांदा अ‍ॅक्सलच्या टोकाशी अगदी समपातळीत हवा. केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवून तिथे आणा, त्याचा लॉकनट आवळा. तिसऱ्यावर केबल जराशी सैल वाटली पाहिजे, पहिल्यावर पूर्ण ताणलेली.

एवढं करून, केबल बरोबर असताना फक्त तिसरा गिअर जोर दिल्यावर निसटत असेल, तर क्लचच्या (गिअर बदलताना आत सरकणाऱ्या भागाच्या) कडा किंवा त्या ज्यांना पकडतात त्या पिन झिजल्या आहेत. तिथे तेल काही करू शकत नाही. मगच हब उघडा, आणि त्या दोन भागांची तयारी ठेवून उघडा.