काकूंचा पुढचा प्रश्न

“लोक आमच्या संसारात नाक का खुपसतात हो?” संक्रांत ते रथसप्तमी, हळदीकुंकवाच्या दिवसांत हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येतो.

मेघना (नाव बदललंय) अशाच एका जानेवारीत आली. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. शेजारच्या काकू जिन्यात गाठायच्या. “काय गं, अजून काही नाही?” मग कुठले तरी वैद्य, कुठलं तरी व्रत. दोन भेटी तिने काकूंवरच खर्ची घातल्या. तिसऱ्या भेटीत उठता उठता म्हणाली, “नवरा महिनाभर धड बोलत नाहीये. त्याचे रिपोर्ट मी काकूंना सांगून बसले.”

“का सांगितलेस?”

“दोष माझ्यात नाही, हे त्यांना पटायलाच हवं होतं!”

मी तिला परत बसवलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी वापरते. या पद्धतीने मला एवढंच शिकवलं, की माणसाच्या बोलण्यातला ‘च’ ऐकायचा. पटलं तर बरं, ही इच्छा झाली. पटायलाच हवं म्हटलं, की आपल्या घराची किल्ली काकूंच्या हातात. एलिसना मराठी येत असतं तर त्यांनी ‘च’वर एक अख्खं प्रकरण लिहिलं असतं, असं मी गमतीने म्हणते.

“आता तू काकू हो, मी मेघना,” मी म्हटलं.

तिने हुबेहूब हेल काढला. “काय गं, अजून काही नाही?”

“नाही काकू.” मी हसून गप्प बसले.

“डॉक्टरला दाखवलंस का?”

“आमचं आम्ही बघतोय.” पुन्हा गप्प.

तिने तोंड उघडलं, मिटलं. मग खळखळून हसली. “मॅडम, मला पुढचा प्रश्नच सुचेना!”

इतक्या वर्षांत असे क्षण मोजकेच. काकूंचा प्रत्येक पुढचा प्रश्न आपल्याच खुलाशातून निघत होता, हे मला तिला सांगावं लागलं नाही.

तुमच्याही जिन्यात अशी काकू असेल तर उत्तर लहान ठेवा, आवाज गोड ठेवा आणि कारणं देऊ नका. भांडण तर नकोच. त्यातही खुलासे होतातच. सासूबाईंना मात्र हे उत्तर चालणार नाही. त्यांच्याशी नवराबायकोने मिळून, आधी आपसात ठरवून बोलावं. आणि जोडीदाराचं गुपित बाहेर गेलं असेल, तर ‘काकूंनी खोदून विचारलं’ असं न म्हणता माफी मागावी. मेघनाला हे सर्वांत जड गेलं; तिथे आमच्या चार भेटी गेल्या.

पुढच्या संक्रांतीला ती हळदीकुंकवाला गेली. काकूंनी विचारलंच. “असेल तेव्हा कळवीन. तिळगूळ द्या ना!” काकू रुसल्या, रथसप्तमीपर्यंत बोलल्या नाहीत.

“वाईट वाटलं?” मी विचारलं.

“वाटलं थोडं,” ती म्हणाली. “पण घरी जाऊन नवऱ्याला सांगण्यासारखं काही नव्हतं.”